वाचक विचारतात : दोन मिनिटांचे मौन, काळी फीत आणि अर्ध्यावरचा ध्वज

प्रश्न : दर ३० जानेवारीला ग्रामपंचायतीसमोर आम्ही दोन मिनिटे मौन पाळतो. गेल्या वर्षी निम्मे लोक मिनिटभरातच खाली बसले, निम्मे तसेच उभे. यंदा हा घोळ कसा टाळावा? (एक ग्रामपंचायत सदस्य, जि. सातारा)

उत्तर : मौन बिघडते ते बहुधा शेवटाला. सुरुवात सगळ्यांना कळते. संपले कधी, हे कोणी सांगितलेलेच नसते. मग कोणी खोकते, पुढचा एक बसतो आणि त्याच्यामागे रांगच्या रांग बसते.

सरकारी सूचनांत याची सोय आहे. भोंगा असेल तर तो १०.५९ ते ११.०० वाजवायचा आणि ११.०२ ते ११.०३ पुन्हा. पहिला भोंगा ऐकला की उभे राहायचे, दुसऱ्याने मौन संपते. गांधीजींवर गोळ्या झाडल्या गेल्या त्या संध्याकाळी पाच वाजून गेल्यावर, म्हणून काही ठिकाणी कार्यक्रम संध्याकाळी ठेवतात. तो जरूर ठेवा, पण मौन अकरालाच पाळा. देशभर एकाच वेळी लोक उभे राहतात, हाच तर त्याचा अर्थ.

भोंगा नसेल तर शाळेची घंटा पुरते. सुरुवातीला एक टोल, शेवटी दोन. दोन्हीकडे एकच टोल ठेवलात तर उशिरा आलेल्याला आता उभे राहायचे की बसायचे, तेच कळत नाही. हे आधी माइकवरून सांगा : कोणासाठी, किती वेळ, शेवट कशाने. एवढे तीन वाक्यांत होते. इथे भाषण नको.

घड्याळ एकाच्याच हातात द्या, आणि ते मनगटी असू द्या. मोबाइलवर वेळ लावली तर शेवटी त्यातूनच गाणे वाजते. मनात आकडे मोजून तर दोन मिनिटे कधीच भरत नाहीत. माणूस अवघडला की भराभर मोजतो. घोषणा झाली की माइक बंद करा, नाहीतर शांततेत अॅम्प्लिफायरचीच घरघर ऐकू येते. फोन ‘व्हायब्रेट’वर ठेवू नका, बंदच करायला सांगा. प्लास्टिकच्या खुर्चीवर थरथरणारा फोन चार रांगांना ऐकू जातो. आजारी, वयस्कर माणसे बसून राहिली तरी चालते. तेही माइकवरून सांगा, म्हणजे त्यांना ओशाळे वाटणार नाही.

प्रश्न : शाळेत शंभर जणांना काळ्या फिती लावायच्या आहेत. किती रिबन लागेल?

उत्तर : दीड सेंटीमीटर रुंदीची सॅटिन रिबन, प्रत्येकी १५ सेंटीमीटर. म्हणजे १५ मीटर. कापताना वाया जाते, तेव्हा १७ आणा. दोन्ही टोके तिरकी कापा आणि मोठ्या माणसाने ती मेणबत्तीच्या ज्योतीजवळून झरकन फिरवावीत. सॅटिन बहुधा पॉलिस्टरचे असते, कडा वितळून बसते आणि दोरे सुटत नाहीत. सुती फीत घेतलीत तर आधी ओल्या पांढऱ्या फडक्यावर घासून पाहा. रंग सुटला तर घामाने गणवेशावर काळा डाग पडतो. पिन आडवी लावा, एकाच पिनेत फितीचा वळसा आणि कापड दोन्ही घ्या.

प्रश्न : गावातले ज्येष्ठ पुढारी वारले, तर ग्रामपंचायतीवरचा तिरंगा अर्ध्यावर आणता येईल का?

उत्तर : गावाने ठरवून नाही. सरकारच्या आदेशाने सार्वजनिक इमारतींवर ध्वज अर्ध्यावर असेल, तेव्हाच. एरवी तसे करणे हा १९७१ च्या राष्ट्रीय प्रतिष्ठा अपमान प्रतिबंधक कायद्याखाली गुन्हा ठरू शकतो. शिक्षा तीन वर्षांपर्यंत कैद, दंड किंवा दोन्ही. गावाच्या दुःखाला काळी फीत आणि मौन आहेच.

आदेश आला, तर ध्वज थेट अर्ध्यावर चढवू नका, ही नेहमीची चूक. आधी टोकापर्यंत न्या, क्षणभर थांबवा, मग अर्ध्यावर आणा. संध्याकाळी उतरवतानाही पुन्हा टोकापर्यंत नेऊन मगच खाली घ्या. अर्धे कुठे, हे ऐनवेळी नजरेने ठरवू नका. आदल्या दिवशी दोरीवर त्या जागी रंगीत दोरा बांधून ठेवा आणि कप्पी फिरते ना, तेही तेव्हाच पाहून घ्या. कप्पी गंजली असेल तर ध्वज भलतीकडेच अडकतो आणि सगळे माना वर करून बघत बसतात.