सिम्युलेटरवर (चालण्याची नक्कल करणाऱ्या चाचणी-यंत्रावर) चालवल्यानंतर कृत्रिम खुब्याच्या पॉलिथिलीन लायनरचं, म्हणजे वाटीतल्या प्लास्टिकच्या अस्तराचं, वजन घटण्याऐवजी वाढलं, हे कसं?

चाचणीत वंगण म्हणून वापरलेल्या सीरममधलं (रक्तातल्या प्रथिनयुक्त द्रवातलं) द्रव लायनरने शोषलं आहे. झीज झाली आहेच, पण शोषलेल्या द्रवाच्या वजनाने ती झाकली गेली आहे. क्रॉसलिंक्ड पॉलिथिलीनमध्ये (रेणूसाखळ्या एकमेकींना जोडून टिकाऊ केलेल्या प्रकारात) हे हमखास दिसतं, कारण मुळात झीजच फार कमी असते. म्हणूनच कृत्रिम खुब्याच्या झीज-चाचणीच्या आयएसओ १४२४२ या मानकात कंट्रोल (तुलनेचा) नमुना सांगितला आहे: तसाच लायनर, तेच सीरम, तोच बदलता भार, फक्त हालचाल नाही. नुसता भांड्यात बुडवून ठेवलेला कंट्रोल पुरत नाही, भाराखाली शोषण वेगळं होतं. खरी झीज = चाचणी नमुन्याची वजनातली घट + कंट्रोलची वाढ. तुमच्या नमुन्याचं वजन २ मिलिग्रॅमने वाढलं आणि कंट्रोलचं ५ ने, तर झीज ३ मिलिग्रॅम. घनता साधारण ०.९३५ मिलिग्रॅम प्रति घन मिलिमीटर धरली तर सुमारे ३.२ घन मिलिमीटर.

चाचणीआधी वजन स्थिरावेपर्यंत दोन्ही लायनर भिजवा. दर वेळी धुणं, अल्ट्रासोनिक सफाई, निर्वातात सुकवणं हा क्रम आणि वेळा अगदी त्याच ठेवा. वाळलेलं प्रथिन कडेच्या खाचांत चिकटून राहतं, तिथे नीट बघा. तराजू ०.१ मिलिग्रॅमचा हवाच, आणि पॉलिथिलीनवरचा स्थिर विद्युतभार आयनायझरने (हवेत आयन सोडणाऱ्या उपकरणाने) घालवा, नाहीतर आकडा सरकतच राहतो.

मात्र वजनावरून झीज कुठे झाली ते कळत नाही. त्यासाठी सीएमएम (पृष्ठभागाचे बिंदू मोजून आकार टिपणारं यंत्र) लागतं, आणि त्यात भाराखाली दबून बदललेला आकारही झीज म्हणून मोजला जातो.