डिस्नी वर्ल्डच्या मोनोरेल किंवा स्कायलायनरमधल्या (तारेवर लटकत जाणाऱ्या केबिनमधल्या) अपघातांची माहिती कंपनी देते का?

फारच मोजकी. डिस्नी वर्ल्ड फ्लोरिडा राज्यात आहे आणि तिथे हजारावर कर्मचारी असलेली मोठी पार्क सरकारी राइड-तपासणीतून वगळलेली आहेत. तपासणी त्यांचे स्वतःचेच लोक करतात. बदल्यात ती राज्याच्या कृषी व ग्राहक सेवा खात्याला दर तिमाहीला राइडवरच्या गंभीर दुखापती कळवतात. गंभीर म्हणजे किमान २४ तास इस्पितळात राहावं लागलं अशा. नोंद ओळभराची: राइड, वय, स्त्री की पुरुष, काय झालं. पुढे माणूस दगावला तरी नोंद सहसा बदलत नाही. म्हणून यादी छोटी दिसली की ‘सगळं आलबेल’ असं समजू नका.

खरा तपशील बाहेरच्या यंत्रणेने तपास केला तरच मिळतो. ५ जुलै २००९ ला मागे येणारी गुलाबी मोनोरेल जांभळीवर आदळली आणि जांभळीचा चालक दगावला. एनटीएसबीच्या (वाहतूक अपघातांचा तपास करणाऱ्या अमेरिकी सरकारी संस्थेच्या) अहवालात कारण स्वच्छ लिहिलंय: रूळ बदलणारा सांधा फिरवलाच नव्हता आणि तो फिरलाय का हे न पाहताच गाडी मागे घ्यायची परवानगी दिली गेली. परवानगी देणारा मॅनेजर त्या वेळी नियंत्रण कक्षात नव्हताच!

ऑक्टोबर २०१९ मध्ये स्कायलायनरच्या केबिन एका स्टेशनात एकमेकींवर आदळल्या, लोक काही तास लटकले. त्याचा इतका सविस्तर अहवाल लोकांसमोर आला नाही.

तुम्हालाच लागलं तर तिथेच घटनेची नोंद करायला लावा. केबिनचा किंवा डब्याचा नंबर आणि वेळ टिपून फोटो काढा. नंतर हे जुळवणं अवघड जातं.