पहिल्या सेशनच्या आधी तुला

सोलापूर

प्रिय बाळा,

तुझा मेसेज वाचला. ‘मॅडम, शरीरावरून ट्रॉमा, म्हणजे मनावरचा आघात, बरा करतात म्हणजे नेमकं काय करतात? मला ते सगळं परत सांगायला लावतील का?’ दुसरा प्रश्न आधी घेते, कारण तुझी भीती तिथंच आहे. नाही, सगळं सांगायला लावणार नाहीत. चांगला थेरपिस्ट पहिल्या दिवशी त्या अपघाताच्या रात्रीच्या खोलात शिरतच नाही. मोहोळजवळ अंधारात उसाची ट्रॉली आली, तू मित्राच्या गाडीवर मागे बसला होतास, एवढं दोन वाक्यांत सांगितलंस तरी पुरे. त्याहून जास्त वेळ तो विचारेल की झोप किती लागते, जेवण जातं का, कुठली औषधं चालू आहेत, घरात कुणाजवळ बसलं की जरा बरं वाटतं.

तुझ्या मनात कुठंतरी असंही असेल की एके दिवशी मोठा हंबरडा फुटेल आणि सगळं निघून जाईल. आपल्याकडे लोक तसंच सांगतात, ‘एकदा मनसोक्त रड, मोकळा होशील.’ मोबाईलवरच्या व्हिडिओंतही थरथरणारी, किंचाळणारी माणसं दाखवतात. तू ज्या उपचाराला जाणार आहेस, त्याची चाल याच्या उलट आहे. सोमॅटिक एक्स्पिरियन्सिंग ही त्याची पद्धत, म्हणजे शरीरातल्या जाणिवांवरून आघातावर काम करणं, अमेरिकेत पीटर लेव्हिन यांनी १९७० च्या दशकापासून घडवली. त्यात टायट्रेशन असा शब्द येतो आणि तो रसायनशास्त्रातूनच उचललेला आहे. बारावीच्या प्रॅक्टिकलला ब्युरेटमधून थेंब थेंब सोडताना हात किती जपून ठेवायचास आठव. तसंच इथं त्या रात्रीचा एक छोटासा तुकडा घेतात, तोही काही क्षण. लगेच परत खोलीत आणतात. पाय जमिनीवर टेकलेत का, पाठ खुर्चीला लागली आहे का, खिडकीबाहेर काय दिसतंय. मग पुन्हा थोडंसं तिकडे, पुन्हा इकडे. बाहेरून बघणाऱ्याला वाटेल, काहीच चाललेलं नाही. पहिल्या दोन-तीन वेळा तुलाही तसंच वाटेल.

‘आत्ता शरीरात काय जाणवतंय?’ हा प्रश्न तुला वारंवार येईल आणि सुरुवातीला तू गोंधळशील. पुस्तकी उत्तर शोधू नकोस. घरात बोलतोस तसं सांग. छातीत धडधडतंय, पोटात गोळा आलाय, घशात आवंढा अडकलाय, तळहात गार पडलेत, मान धरली आहे. ‘काहीच कळत नाही, सगळं बधिर आहे’ हेसुद्धा पूर्ण उत्तर आहे. मध्येच जांभया येतील, पोट गुरगुरेल, अंगातून बारीक थरकाप जाईल, एकदम ऊब वाटेल. घाबरू नकोस. आणि यातलं काहीही झालं नाही तर सेशन वाया गेलं असंही समजू नकोस.

आता तुला जे सगळ्यात जास्त छळतंय त्याबद्दल. तू लिहिलंस, ‘मित्र रस्त्यावर पडला होता, माझ्या हातात मोबाईल होता, तरी मला नंबर लावता आला नाही. मी नुसता उभा राहिलो.’ हे वाक्य तू मला याआधीही वेगवेगळ्या शब्दांत सांगितलं आहेस आणि प्रत्येक वेळी स्वतःला शिक्षा केल्यासारखं सांगितलं आहेस.

नीट वाच. जीवावरचा धोका आला की मेंदू विचार करायला वेळ घेत नाही. तो शरीराला लढायला, पळायला किंवा थिजायला लावतो. या तिन्हींतलं काय होणार हे माणूस ठरवत नाही. थिजण्यात हात चालत नाहीत, आवाज फुटत नाही, बोटांना साधा आकडा दाबता येत नाही, कधी कधी सगळं लांबून पाहिल्यासारखं दिसतं. ही निसर्गानं प्राण्यांना दिलेली जुनी प्रतिक्रिया आहे. तुझ्या मैत्रीचं किंवा हिमतीचं मोजमाप त्यातून निघत नाही. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी किल्लारीचा भूकंप झाला, त्यानंतर मी शिकत असतानाच तिथल्या छावणीत कामाला गेले होते. नांगराला एकट्यानं बैल जुंपणारे धिप्पाड गडी मला सांगायचे, ‘ताई, पाय उचललाच नाही.’ त्यांना कुणी भित्रा म्हटलं असतं तर मी भांडले असते. तुझ्यासाठीही भांडेन, तुझ्याशीच.

या उपचाराचा एक भाग नेमका या थिजण्याशी असतो. त्या क्षणी शरीराला जे करायचं होतं आणि जे राहून गेलं, ते आता सुरक्षित जागी, अगदी सावकाश करू देतात. थेरपिस्ट कदाचित तुला दोन्ही तळहातांनी भिंत ढकलायला सांगेल, पाय जमिनीत दाबायला सांगेल, मान हळूहळू वळवून खोली न्याहाळायला सांगेल. हे तुला पोरखेळ वाटेल. तरी करून बघ. दंडांत पुन्हा जोर येतोय हे तुला आतून जाणवलं की ‘मी काहीच करू शकलो नाही’ या वाक्याची पकड सैल होते. नुसत्या समजावण्यानं ते होत नाही. मी तुला गेले कितीतरी दिवस समजावतेच आहे ना?

मी तुला सरसकट ग्वाही देणार नाही. जागतिक आरोग्य संघटनेनं २०१३ मध्ये आघातानंतरच्या त्रासासाठी ज्या मानसोपचारांची शिफारस केली, त्यात आघातावर केंद्रित सीबीटी (विचार आणि वागण्याच्या सवयींवर काम करणारा उपचार) आणि डोळ्यांच्या हालचाली वापरणारी ईएमडीआर हे आहेत. सोमॅटिक एक्स्पिरियन्सिंगवरचा पुरावा त्यामानानं कमी आहे. त्याची एक नियंत्रित चाचणी, म्हणजे उपचार घेणाऱ्यांची न घेणाऱ्या गटाशी तुलना, इस्राएलमध्ये ६३ जणांवर झाली, ती २०१७ साली प्रसिद्ध झाली आणि निकाल आशादायक होते. योगाबद्दल बोस्टनच्या गटाचा २०१४ चा अभ्यास आहे. इतर उपचारांनी बरं न वाटलेल्या ६४ स्त्रिया त्यात होत्या. दहा आठवडे, आठवड्यातून एक तास योग केलेल्या ३१ पैकी १६ जणी शेवटी आघातानंतरच्या या आजाराच्या निकषांत बसत नव्हत्या. दुसऱ्या गटात, जिथं योगाऐवजी आरोग्यशिक्षणाचे वर्ग होते, २९ पैकी ६. पण तो योग आपल्या शाळेतल्या कवायतीसारखा नव्हता. डोळे मिटायची सक्ती नव्हती, आसन सोडून द्यायची मोकळीक होती. म्हणून कुणी तुला ‘कपालभाती कर, सगळं जाईल’ असं म्हणालं तर जपून. जोरकस श्वासानं काहींची घबराट वाढते. साधा दीर्घ श्वाससुद्धा तुला त्रास देत असेल तर तसं सांग आणि थांब.

‘थांब’ हा शब्द तुझ्या हातात आहे, हे मला दहा वेळा सांगायचं आहे. काही थेरपिस्ट खांद्यावर किंवा पाठीवर हात ठेवून काम करतात. त्याआधी त्यांनी का, कुठं, किती वेळ हे सांगून तुझी परवानगी घेतली पाहिजे, आणि एकदा हो म्हटलंस तरी मध्येच नाही म्हणता येतं. या कामात कपडे काढायची गरज नसते, लैंगिक स्पर्शाला तर कुठल्याच थेरपीत जागा नाही. तसं काही झालं तर तिथून उठ आणि सरळ मला फोन कर. ‘नाही’ म्हटल्यावर जो नाराज होतो, ‘तुझा विरोध हाच तुझा आजार’ असं ऐकवतो, त्याच्याकडे दुसऱ्यांदा जाऊ नकोस, त्याच्या भिंतीवर कितीही प्रमाणपत्रं असोत. त्या रात्री तुझ्या हातात काहीच नव्हतं. इथं वेग तुझ्या हातात असणं हा उपचाराचाच भाग आहे.

प्रमाणपत्रांबद्दल विचारायला लाजू नकोस. क्लिनिकल सायकॉलॉजिस्टची नोंदणी भारतीय पुनर्वास परिषदेकडे असते. ‘थेरपिस्ट’ अशी पाटी मात्र कुणीही लावतो. शरीरावर आधारित पद्धतीचं प्रशिक्षण वेगळं असतं, सोमॅटिक एक्स्पिरियन्सिंगचं साधारण तीन वर्षांचं. शनिवार-रविवारच्या शिबिरात शिकलेला माणूस आणि हा, यात फरक आहे. हॉलमध्ये पन्नास जणांना जमवून, मोठं संगीत लावून ‘ट्रॉमा रिलीज’ करणाऱ्यांपासून लांब राहा. तिथं कुणी कोसळलं तर सावरायला कुणी नसतं.

तुझा थेरपिस्ट पुण्याचा, म्हणजे बहुतेक सेशन ऑनलाइन. तुमच्या घरी शेजारच्या खोलीत माग चालतात आणि ती खटखट भिंतीतून येते. त्या आवाजानं तुला बरं वाटतं की त्रास होतो हे आधी स्वतःच बघ, कारण लहानपणापासूनचा आवाज काहींना आधार देतो. त्रास होत असेल तर माझ्याकडची मागची खोली दुपारी रिकामी असते. चार्जिंग पूर्ण ठेव, वीज गेली तर फोनवर पुढं कसं जायचं हे पहिल्याच दिवशी ठरवून घे. सेशननंतर लगेच गाडीवर बसू नकोस, मोबाईलमध्येही डोकं घालू नकोस. सिद्धेश्वर तलावाच्या कडेनं एक फेरी मार, पाणी पी, भाकरी खा. सेशनच्या रात्री थकवा येईल, विचित्र स्वप्नंही पडतील. दोन-तीन दिवसांनीही हालत बिघडलेलीच असेल तर पुढच्या वेळेची वाट न पाहता थेरपिस्टला कळव. त्याचा अर्थ थेंब मोठा पडला, इतकाच.

आधी एकदा डॉक्टरकडून हृदय आणि थायरॉइड तपासून घे. प्रत्येक धडधड ट्रॉमाची नसते. झोपेची गोळी मनानं बंद करू नकोस. आणि जगणं नकोसं वाटण्याचे विचार आले तर या थेरपीच्या तारखेसाठी थांबू नकोस. सिव्हिलच्या मानसोपचार विभागात जा, किंवा १४४१६ वर टेलि-मानस या सरकारी हेल्पलाइनला फोन कर. तिथं मराठीत बोलता येतं, रात्री-अपरात्रीही. मलाही उठव.

आई दृष्ट काढते, अंगारा लावते, त्यावरून तिच्याशी वाद घालू नकोस. तिचा हात तुझ्या कपाळावर असतो तेव्हा तुझं अंग सैल पडतं का, एवढं लक्षात ठेव आणि थेरपिस्टला सांग. त्याला ते उपयोगी पडेल. घरी काय सांगायचं? ‘झोपेसाठी उपचार चालू आहे’ एवढं पुरे. सेशनमधलं कुणाला सांगायचं बंधन तुझ्यावर नाही, आणि २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्यानं गोपनीयतेचा हक्कही दिला आहे.

फरक कधी पडेल, हे विचारशील. अपघातासारख्या एकाच घटनेला बहुधा कमी वेळ लागतो, वर्षानुवर्षांच्या मारहाणीतून आलेल्या माणसाला कितीतरी जास्त. तारीख मात्र कुणी देऊ शकत नाही, आणि जो देतो त्याच्यावर विश्वास ठेवू नकोस. बदल छोट्या गोष्टींत दिसेल. ट्रॅक्टरचा आवाज आला, दचकलास, पण आधी तासभर लागायचा तो जीव थाऱ्यावर यायला आता दहा मिनिटं लागली. खांदे कानापर्यंत चढलेत हे तुझं तुलाच कळलं. मग मध्येच एखादा आठवडा सगळं पहिल्यासारखं होईल. गळीत हंगामात रस्त्यावर पुन्हा ट्रॉल्या दिसतील, जानेवारीत सिद्धेश्वराच्या गड्डा जत्रेच्या वेळी होम मैदानावर दारूकाम होईल. मित्र ओढतील. यंदा गेला नाहीस तरी चालेल. गेलास तर कडेला उभा राहा, बाहेर पडायची वाट आधी बघून ठेव, आणि सोबतच्या एकाला आधीच सांग, ‘मी म्हटलं की निघायचं.’

बुधवारी पहिल्या फोनवर त्याला तीनच गोष्टी विचार: याचं शिक्षण कुठं घेतलंत, स्पर्श वापरता का, आणि मला मध्येच सहन झालं नाही तर तुम्ही काय करता. तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर नीट ऐक आणि जमलं तर लिहून घे. ते आपण दोघं मिळून वाचू आणि मगच पैसे भर.

तुझी,
मॅडम