पहिला षड्ज कापतो तेव्हा

प्रश्न: माझं वय 41, बँकेत नोकरी करते. शास्त्रीय गाणं उशिरा शिकायला लागले. यंदा गुरुपौर्णिमेला आमच्या बाईंनी मला अर्धा तास बागेश्री राग गायला सांगितलंय. घरी गळा छान लागतो. मंचावर मात्र तोंड कोरडं पडतं, पहिला सा कापतो आणि विलंबित (संथ) एकतालात सम, म्हणजे तालाची पहिली मात्रा, हातची जाते. एक मैत्रीण म्हणते, धडधड थांबायची गोळी मिळते, ती घे. घेऊ का?
– एक वाचक, सातारा

उत्तर: ताई, गोळीचं आधी सांगते. मैत्रीण म्हणते ती बहुधा प्रोप्रॅनोलॉलसारखी असावी. छातीची धडधड आणि हातांचा कंप तिने कमी होतो, म्हणून काही कलाकार ती घेतात. पण दमा असेल तर ती धोक्याची, शिवाय नाडी मंदावते, रक्तदाब उतरतो. डॉक्टरांना विचारल्याशिवाय दुसऱ्याच्या डबीतली गोळी घेऊन मंचावर मुळीच बसू नका. तुमची सम जाते, त्यावर तर तिचा काहीच उपाय नाही. त्यावर रियाज हाच उपाय आहे, आणि तो घरी करता त्याहून थोडा वेगळा करावा लागेल.

भीतीने श्वास वर चढतो, छातीतच अडकतो. अशा श्वासावर तार किंवा मध्य षड्ज कापणारच. म्हणून बसल्याबसल्या मोठा सा लावायला जाऊ नका. तंबोरा चांगला दोन-तीन मिनिटं ऐका. बागेश्रीला तो मध्यमावर लावला असेल, तर निम्मा राग त्यातच वाजत असतो. श्वास घेण्यापेक्षा सोडण्याकडे लक्ष द्या, सावकाश, पूर्ण सोडा. मग हलक्या आवाजात मंद्रात, म्हणजे खालच्या सप्तकात, उतरा: ध नि सा, तिथून म. मंद्र धैवताला जोर करून चालत नाही, तो श्वास आपोआप खाली आणतो. मी विद्यार्थ्यांकडून ही पहिली पाच मिनिटं वेगळी बसवून घेते. सगळं गाणं आधी ठरवून गाऊ नये हे खरं, पण सुरुवात इतकी पक्की हवी की मन घाबरलेलं असलं तरी गळ्याला वाट ठाऊक असावी.

आता सम. घाबरलेला माणूस मुखडा, म्हणजे समेवर आणून सोडणारी बंदिशीची ओळ, लवकर उचलतो, कारण त्याला रिकामी जागा सोसत नाही. मात्रा मोजत बसू नका, ठेका, म्हणजे तबल्याचे ठरलेले बोल, ऐका. एकतालात ‘धागे तिरकिट’ दोनदा येतं आणि तिथेच गल्लत होते. पहिल्यानंतर ‘तू ना’ येतं. दुसऱ्याच्या आधी ‘क त्ता’ असतं, आणि त्याच्यानंतर ‘धी ना’ झालं की सम. ‘क त्ता’ कानावर पडलं की मुखड्याची तयारी करायची. भाजी चिरताना, बसमध्ये, ठेका मोबाइलवर लावून फक्त ऐका, गाऊ नका. तरीही सम गेलीच, तर थांबू नका, तबलजींकडे दचकून बघू नका. एक स्वर धरून तालाचं ते आवर्तन जाऊ द्या आणि पुढच्या मुखड्याला या. बाईंना कळेल. इतरांना तुमचा चेहरा पाहूनच कळतं.

लय आधी सांगून ठेवा. घाबरलं की आपण हातानेही चढी लय देतो, म्हणून मंचावर जाण्यापूर्वी, मन शांत असताना, तबलजींना मुखडा गुणगुणून दाखवा. ध्वनिव्यवस्था बघणाऱ्याला सांगा, समोरच्या स्पीकरमध्ये तंबोरा मोठा हवा. तो ऐकू आला नाही की माणूस जोर लावतो आणि गळा बसतो. ही गोष्ट मागायला अनेक जणी संकोचतात. मागाच.

उरलेल्या दिवसांत साडी नेसून, मांडी घालून, शेजारच्या दोघी-तिघींना बसवून अर्धा तास न थांबता गा. चुकलं तरी मागे जाऊन दुरुस्त करायचं नाही. घरचा रियाज दुरुस्तीचा असतो, म्हणून तो मंचावर अपुरा पडतो.

मिरजेला मीरासाहेबांच्या दर्ग्यात थोर गायक अब्दुल करीम खाँसाहेबांच्या स्मरणार्थ दरवर्षी संगीत सभा होते. कलाकार तिथे सेवा म्हणून गातात. जमलं तर जाऊन ऐका. गुरुपौर्णिमाही तशीच आहे, तिथे तुम्हाला कुणी गुण देणार नाही. बाईंनी अर्धा तास दिलाय तो तुमचं गाणं ऐकूनच. कार्यक्रमाच्या दिवशी रजा घ्या, सकाळी थोडा खर्ज, म्हणजे खालचे स्वर, लावा आणि दुपारी गळ्याला विश्रांती द्या.