मेडिकलचा 70:30 फॉर्म्युला परत यावा का? स्थानिक मुलांसाठी जागा राखाव्यात का?

तुमचा प्रश्न असा की मेडिकल प्रवेशातला 70:30 फॉर्म्युला 2020 ला रद्द केला ते बरोबर झालं का, आणि तुमचे विदर्भातले नातेवाईक म्हणतात तसा तो परत आणावा का, कारण तुमची मुलगी आत्ता अकरावीला आहे. मी नांदेड जिल्ह्यात हदगावकडे एका अनुदानित ज्युनिअर कॉलेजला बायोलॉजी शिकवतो त्यामुळे हा विषय माझ्या रोजच्या वर्गातला आहे. माझं मत आधीच सांगून टाकतो. रद्द केलं ते योग्यच, परत आणू नये. पण म्हणून स्थानिक मुलांसाठी जागा राखूच नयेत असं मी अजिबात म्हणणार नाही. स्थानिक कोण हे ठरवायची पद्धतच चुकीची होती, माझं भांडण तिच्याशी आहे.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. विदर्भ, मराठवाडा आणि उर्वरित महाराष्ट्र असे तीन भाग, ज्या भागात कॉलेज तिथल्या 70 टक्के जागा त्याच भागातल्या मुलांना आणि 30 टक्के बाकी राज्याला. भाग कोणता हे तुम्ही बारावी कुठून पास झालात यावरून ठरायचं. ऐकायला एकदम न्याय्य वाटतं. पण तेव्हा मराठवाड्यात सरकारी मेडिकल कॉलेजं किती, तर चार, औरंगाबाद, अंबाजोगाई, नांदेड आणि लातूर. आणि एकट्या मुंबई शहरात केईएम, सायन, नायर, जेजे, कूपर, म्हणजे पाच. आठ जिल्ह्यांना चार आणि एका शहराला पाच, आणि वरून सांगायचं की तुम्ही तुमच्या भागातल्या 70 टक्क्यांवर समाधान माना. इकडे लातूर-नांदेडच्या क्लासेसमुळे चांगले मार्क पडणारी मुलं भरपूर आणि सीटा कमी, त्यामुळे आमच्या मुलाचा नंबर जिथे हुकायचा तेवढ्याच मार्कांवर दुसऱ्या भागातल्या मुलाला आरामात सरकारी कॉलेज मिळायचं. हे वर्षानुवर्षं चाललं. पालक माझ्याकडे दोन्ही भागांच्या प्रवेशाच्या याद्या घेऊन यायचे आणि विचारायचे, सर हे कसं काय? माझ्याकडे उत्तर नसायचं.

आता विदर्भाची बाजू. ती खोटी नाही. 1953 च्या नागपूर करारात स्पष्ट होतं की व्यावसायिक आणि शास्त्रीय शिक्षण देणाऱ्या संस्थांमध्ये त्या त्या भागातल्या मुलांना लोकसंख्येच्या प्रमाणात प्रवेशाची सोय केली जाईल. पुढे राज्यघटनेच्या कलम 371(2) मध्येही या तिन्ही भागांसाठी तंत्रशिक्षणाच्या पुरेशा सोयींची गोष्ट आली. त्यामुळे आमच्या गडचिरोली-चंद्रपूरच्या पोरांचं संरक्षण काढून घेतलं असं तिकडचे आमदार ओरडले तर मला राग येत नाही. पण करारातला शब्द लोकसंख्येच्या प्रमाणात असा आहे हे विसरू नका. आधी जागा लोकसंख्येच्या प्रमाणात निर्माण करायच्या होत्या आणि मग वाटायच्या होत्या. जागा निर्माण करायचं राहिलं, वाटपाची टक्केवारी तेवढी पक्की झाली, आणि मराठवाड्यासाठी ते संरक्षण म्हणजे कुंपण झालं.

एका गोष्टीत मात्र सरकारचं चुकलं आणि ते बोललंच पाहिजे. तेव्हाचे वैद्यकीय शिक्षण मंत्री अमित देशमुख यांनी सप्टेंबर 2020 च्या अधिवेशनात हा निर्णय जाहीर केला आणि त्या वर्षीची नीट, म्हणजे मेडिकलची प्रवेश परीक्षा, होती 13 सप्टेंबरला, म्हणजे पेपर तोंडावर आलेला, दोन वर्षं एका हिशोबाने अभ्यास केलेल्या मुलांना आता हिशोब बदलला म्हणून सांगायचं, तेही कोरोनात. मंत्री लातूरचे म्हणून त्याला लगेच प्रादेशिक रंग आला. हाच निर्णय पुढच्या वर्षापासून लागू केला असता तर इतकी कटुता आली नसती.

आता माझा मुख्य मुद्दा. आमच्या हदगावहून उमरखेड फार लांब नाही, मध्ये पैनगंगा. नदीच्या अलीकडे मराठवाडा, पलीकडे यवतमाळ जिल्हा म्हणजे विदर्भ. पाऊस तोच, कापूस-सोयाबीन तेच, दवाखान्यात डॉक्टर नसणं तेच. त्या फॉर्म्युल्यात उमरखेडचा मुलगा नांदेडला बारावी झाला की मराठवाड्याचा, आणि आमच्या किनवटची मुलगी यवतमाळला शिकली की विदर्भाची! लातूरला तर अख्ख्या महाराष्ट्रातून मुलं येतात, मोठ्या शहरांतल्या डॉक्टरांची मुलंसुद्धा येतात, दोन वर्षं क्लास करतात आणि तिथून बारावी झाली की तीही कागदावर स्थानिक. आणि ज्याच्या नावाने हे सगळं चालायचं तो किनवट-माहूरच्या तांड्यावरचा किंवा गडचिरोलीतल्या एटापल्लीचा पोरगा, त्याला क्लासची फी परवडत नाही, त्याचा नंबर आधीही लागत नव्हता आणि आताही लागत नाही.

तमिळनाडूने बघा काय केलं. 2020 मध्येच त्यांनी कायदा करून सहावी ते बारावी सरकारी शाळेत शिकलेल्या आणि नीट पास झालेल्या मुलांसाठी 7.5 टक्के जागा ठेवल्या, आणि पुढे 2022 ला मद्रास हायकोर्टाने तो कायदा कायम केला. मला ही दिशा पटते कारण इथे नकाशा बघितला जात नाही, मूल कुठल्या बाकावर बसून शिकलं ते बघितलं जातं. अर्थात आपल्याकडे जशीच्या तशी नक्कल चालणार नाही, आपल्याकडे गावाकडची मुलं झेडपीतून निघाली की पुढे बहुतेक संस्थांच्या अनुदानित शाळांत जातात, फक्त सरकारी शाळा अशी अट घातली तर माझ्या वर्गातली जवळपास सगळीच बाहेर पडतील. म्हणून झेडपी, आश्रमशाळा आणि ग्रामीण अनुदानित शाळा असं धरावं, आणि दहावी-बारावी दोन्ही त्याच तालुक्यातून झाली पाहिजे अशी अट घालावी, म्हणजे क्लासच्या गावात फक्त नाव नोंदवून कुणाला घुसता येणार नाही. अशा आरक्षणासाठी मी स्वतः मोर्चात चालायला तयार आहे.

जागांचं म्हणाल तर थोडं बदललंय, धाराशिव आणि परभणीला कॉलेज सुरू झालं आणि 2024 ला एकदम दहा नवीन सरकारी कॉलेजं आली त्यात जालना, हिंगोली आणि तिकडे गडचिरोली, वाशिम, बुलडाणा, भंडारा, अमरावती आहेत. पण नुसत्या सीटा वाढवून भागत नाही, शिकवायला प्रोफेसर लागतात, वॉर्ड लागतात. दोन्ही भागांच्या आमदारांनी एकमेकांच्या कोट्यावरून भांडण्यापेक्षा प्रोफेसरांच्या जागा भरा म्हणून सभागृह बंद पाडलं तर मला जास्त आनंद होईल.

तुमच्या मुलीपुरतं सांगतो. राज्याच्या 85 टक्के कोट्यासाठी डोमिसाइल (रहिवासी दाखला) आणि दहावी-बारावी महाराष्ट्रातून ही अट आहे, उरलेल्या 15 टक्के सरकारी जागा ऑल इंडिया कोट्यात जातात. त्यामुळे तिला क्लाससाठी बाहेरच्या राज्यात पाठवून बारावीही तिथूनच करायचा विचार असेल तर दहा वेळा विचार करा. डोमिसाइल, आणि लागू असेल तर जातपडताळणी आणि नॉन क्रिमीलेअर, आत्ताच काढायला टाका, बारावीनंतर सेतूत केवढी गर्दी असते ते बघताय ना. आणि पुढे पीजीच्या वेळी रहिवासावर भरवसा ठेवू नका, जानेवारी 2025 ला सुप्रीम कोर्टाने पीजी मेडिकलमधलं रहिवासावरचं आरक्षण घटनाबाह्य ठरवलंय.