घोड्याला शिकवण्याची कोणती पद्धत योग्य, पारंपरिक की आधुनिक?

नव्या घोडीसाठी एक शिक्षक लगामाचा धाक सांगतो आणि दुसरा गूळ-गाजर देऊन शिकवायला सांगतो, तर कोणाचे ऐकावे, असे आपण विचारले आहे. हाच वाद माझ्यात आणि माझ्या काकांत अनेक वर्षे चालला, म्हणून लिहीत आहे.

२०१२ साली दत्तजयंतीच्या यात्रेतून, सारंगखेड्याहून, मी चार वर्षांची मारवाडी घोडी आणली. खोगीर ती मुकाट्याने घेई. लगाम दिसला की मान उडवून मागे सरके. काका जन्मभर चाबूकस्वार, म्हणजे घोड्यांना शिकवून तयार करणारे, होते. वरातीत नाचणारे कित्येक घोडे त्यांनी काटेरी लगामावर, म्हणजे तोंडातल्या लोखंडाला काटे असलेल्या लगामावर, तयार केले होते आणि हिलाही तोच घालावा, असा त्यांचा आग्रह होता. मी पुण्यात रायडिंग शिकून आलो होतो. गोल कुंपणात घोडा मोकळा फिरवायचा आणि तो आपण होऊन जवळ येईपर्यंत थांबायचे, ही अमेरिकेतील मॉन्टी रॉबर्ट्स यांच्यामुळे जगभर पोहोचलेली रीत मी तीन आठवडे निष्ठेने पाळली. घोडी माझ्यामागे चालू लागली, खांद्याला नाक लावू लागली. लगाम मात्र तिने एकदाही तोंडात घेतला नाही.

काका हे रोज ओट्यावरून पाहत असत. एका संध्याकाळी ते म्हणाले, “उजवीकडून हात नेलास तर ही उभी राहते, डावीकडून नेलास की मान फेकते. तिच्या तोंडात काहीतरी आहे.” पशुवैद्यांनी पाहिले तेव्हा डावीकडे, वरच्या पहिल्या दाढेच्या पुढे, एक लहान जादा दात निघाला, लगामाचे लोखंड त्याच्यावर आपटत असे. त्याच तपासणीत जिभेवर जुन्या जखमेचा आडवा वणही दिसला. तो काटेरी लगामाचा होता. काकांची नजर जे शोधू शकली ते माझ्या पद्धतीला तीन आठवड्यांत दिसले नव्हते, आणि काकांची पद्धत जे करते तेही त्याच तोंडात उमटलेले होते.

दात काढला, जखम भरू दिली. मग काकांनी रोज अर्धा तास नुसता खरारा केला आणि मी साध्या, गुळगुळीत लगामाला गूळ लावून तो तिच्या ओठांशी धरला. पाचव्या दिवशी तिने तो स्वतः घेतला. काटेरी लगाम चुकीचा होता, हे काकांनी अखेरपर्यंत कबूल केले नाही. मी आजही तेच म्हणतो: तो क्रूर आहे, आणि भारवाहू जनावरांसंबंधीच्या १९६५ च्या केंद्रीय नियमांनी त्याला बंदी आहे. त्याबाबत मन मोकळे ठेवण्याचे मला कारण दिसत नाही.

बाकी दोन्ही शिक्षकांना आपण घोडीवर काम करताना पाहावे. घोडी लगाम ओढल्याने शिकत नाही, ओढ सुटल्याने शिकते. तिने योग्य पाऊल टाकताच कोणाचा हात आधी सैल पडतो, तेवढे पाहा. गूळवाल्यालाही हीच कसोटी लावा, कारण खाऊ उशिरा मिळाला तर ती भलतेच शिकते आणि खिसे हुंगत चावायला लागते.

माझा हा अनुभव एका शांत घोडीचा आहे. आपली घोडी दोन पायांवर उभी राहत असेल, तर आधी तिचे तोंड, पाठ आणि खूर पशुवैद्यांकडून तपासून घ्या, आणि तोवर तिच्यावर कोणालाही बसू देऊ नका.