बांधकाम मजुराची रोजंदारी राज्याराज्यात इतकी वेगळी का?

फरक खरोखरच मोठा आहे. रिझर्व्ह बँकेच्या २०२१-२२ च्या आकड्यांनुसार ग्रामीण बांधकाम मजुराला केरळात दिवसाला सरासरी ८३७ रुपये मिळत, मध्य प्रदेशात २६६. केरळातले बरेच कामकरी आखातात गेले, कामगार संघटनाही तिथे घट्ट. म्हणून भाव चढा.

इथे गोव्यात स्थानिक पोरं सहसा या कामाला येत नाहीत. कर्नाटक, बिहार, ओडिशाकडचे लोक येतात. गवंड्याचा भाव बिगाऱ्यापेक्षा बराच वर, आणि मुकादमामार्फत आलात तर त्याचा वाटा आधी जातो. पावसाळ्यातले खाडे धरूनच महिन्याचा हिशोब करा. वर्षात ९० दिवस काम झालं असेल, तर बांधकाम कामगारांच्या कल्याण मंडळाकडे नोंदणी करून ठेवा.